मकराची शेपटी

आक्का, न्हाणीतला दगड मी उलटा केला.

मुद्दाम नाही केला. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुवायला काढलं होतं. दगडाखाली शेवाळ साचलं होतं, खराट्यानं निघेना, म्हणून तुझीच पहार घातली आणि कलंडवला. आपण दोघींनी ज्याच्यावर टाचा घासल्या, माझं लग्न होऊन मी बेळगावला गेले तरी माहेरी आल्यावर ज्याच्यावर पाय ठेवल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटायची नाही, त्या दगडाच्या पोटाला पानं होती. दगडी पानं. वळसे घेत गेलेली, एकातून दुसरं उगवलेलं, टोकाला बोटाएवढी कळी. साबणाचा चिकटा आणि माती बसली होती, तरी मला ओळखायला वेळ लागला नाही. आपल्या महादेवाच्या पायऱ्यांना डाव्या हाताला जो मकर बसलाय, त्याची शेपटी तंतोतंत अशी आहे. उजव्या हाताच्या मकराची तशी नाही. ती तशी का नाही, हे शोधून काढलं म्हणून तर मला चार लोक ओळखतात.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. रडले नाही. तुझ्यासाठी बारा दिवस रडले होते, त्यातलं थोडं परत घ्यावं असं वाटलं.

तुला मी मकर समजावून सांगायचे. मी! कॉलेजातून आणलेलं पुस्तक मांडीवर घेऊन, चुलीपुढं बसून. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, कान डुकराचे, पाय सिंहाचे, आणि मागं शेपटीच्या जागी नुसती वेलबुट्टी. असलं जनावर देवानं केलेलं नाही, माणसानं केलेलं आहे. गंगा त्याच्यावर बसते, मदनाच्या झेंड्यावर तो असतो, देवळाच्या तोरणाच्या दोन्ही टोकांना तो तोंड उघडून असतो. तू भाकरी थापत ऐकायचीस.

"व्हय?" म्हणायचीस. "डुकराचे कान? बघायला पायजे गं."

बघायला पाहिजे म्हणे. त्या मकराच्या कानामागची धूळ तू पदरानं पुसली होतीस, मी पाळण्यात होते तेव्हा.

माझा सिद्धांत तुला पाठ होता. उजव्या मकराच्या शेपटीला पानं नाहीत, खवले आहेत. कौलं रचल्यासारखे, एकावर एक, टोकाकडं बारीक होत गेलेले, आणि ते शेपूट पोटाखाली मुडपून घेतलंय. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी त्याचं चित्र काढलं आणि लिहिलं, की हा खवल्या आहे. खवल्या मांजर. आपल्या खानापूरच्या रानात मुंग्या खात हिंडणारा, माणूस दिसला की गुंडाळी करून बसणारा. कदंबांच्या काळातल्या कुणा शिल्पकारानं वर्षानुवर्षं चालत आलेला मकर घेतला, आणि त्याला आपण डोळ्यांनी बघितलेलं रानातलं जनावर जोडलं. कृष्णेत मगरी आहेत म्हणून मकराला मगरीचा जबडा. दांडेलीच्या बाजूनं हत्ती आपल्या भातात उतरतात, नदीत उभा राहिला की त्याचं अर्धं अंग पाण्यात जातं आणि सोंड तेवढी वर दिसते, मग लांबून बघणाऱ्याला ते एकच जनावर वाटलं तर त्याचं काय चुकलं? मी लिहिलं की ही पुराणातली जनावरं हवेतून आलेली नाहीत. कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी बघितलेलं असतं. आणि आपल्या गावाच्या मकरात त्याचा पुरावा आहे.

तो प्रकल्प वर्गात पहिला आला. मग एका साप्ताहिकात छापून आला. मग पंचायतीनं देवळापुढं बोर्ड लावला, वर कन्नड, खाली मराठी, शेवटी 'संशोधन' म्हणून माझं नाव. आपल्या घरात पाटीवर नाव यायची ती पहिली वेळ. आप्पा अंगठा लावायचे. तू चौथीत शाळा सोडलीस. मी पदवीधर. मला त्याचा अभिमान होता आणि आहे, मी तो कधी लपवला नाही.

तू त्या काळात अजून पिशवी घेऊन हिंडत होतीस. आज कंग्राळी, उद्या येळ्ळूर. "जात्याला टाकीऽ, पाट्याला टाकीऽ" असं ओरडत. जात्याची तळी झिजून गुळगुळीत झाली की दळण निघत नाही. ती उलटी टाकून छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायची, घावाला घाव लावून, अर्धगोल, ओळीनं. त्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो. मिक्सर आले, गिरण्या आल्या, तरी लग्नातल्या हळदीच्या जात्याला आणि म्हाताऱ्यांच्या पाट्याला तू लागायचीस. मी अभ्यास करायचे तेव्हा अंगणात तुझा ठोका चाललेला असायचा. टक्, टक्, टकटक्. दोन सावकाश, दोन घाईत. झोपेतसुद्धा तो मला ओळखू यायचा.

आणि दगडावर ओळखू आला नाही.

आता निपाणीचं बोलू. ते बोलल्याशिवाय मला गप्प बसता येणार नाही.

निपाणीच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं आणि मला बोलायला बोलावलं होतं. तू म्हणालीस, मी पण येणार. खानापूर-बेळगाव, बेळगाव-निपाणी, दोन बस बदलून आपण गेलो. तू ठेवणीतली इरकल नेसली होतीस आणि बसमध्ये कुणी विचारलं नसताना शेजारच्या बाईला सांगत होतीस, "आमची बारकी भाषण करायला चालल्या." मी तुला कोपरानं ढोसलं होतं.

माझं बोलणं झालं. मग चिकोडीकडचे एक म्हातारे प्राध्यापक उठले. शांत माणूस, मराठी बोलताना मध्येच कन्नडमध्ये जायचे. ते म्हणाले, "बाई, तुमचा विचार मला फार आवडला. कन्नडमध्ये खवल्याला चिप्पू हंदी म्हणतात, खवल्यांचं डुक्कर. मकराला डुकराचे कान असतातच. जमतंय. पण एक शंका आहे. शेपटी नंतरची नसेल कशावरून? देवळांची डागडुजी होत असते."

प्रश्न साधा होता. मी काय उत्तर दिलं ते तुला आठवतंय. मला तर आता शब्द अन् शब्द आठवतोय.

मी म्हटलं, "सर, मी पाथरवटाच्या घरात वाढलेय. नव्या टाकीचा घाव मला डोळे मिटून कळतो. पुस्तकं वाचून आलेल्यांना कळणार नाही, मला कळतो."

सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. म्हातारे प्राध्यापक हात जोडून खाली बसले. आणि शेवटच्या बाकावरनं तुझी टाळी आली. तुझ्या टाळीचा आवाज वेगळा होता, घट्टे पडलेले तळवे, फळीवर फळी आपटल्यासारखा. सगळ्यांच्या थांबल्या तरी तुझी चालू होती.

परतीच्या बसमध्ये तू म्हणालीस, "लई चांगलं बोललीस." आणि खिडकीकडं तोंड करून झोपलीस. झोपली नव्हतीस तू, आक्का. आता मला कळतंय.

दगड उलटा केला त्या दुपारी मी देवळात गेले. पानं वितीनं मोजून नेली होती. डाव्या मकराच्या शेपटीवर वीत ठेवली, बरोबर आली. गुरवमामा गाभारा धुऊन बाहेर येत होते. आपल्या देवळाची पूजा त्यांच्याकडं कधीपासून आहे ते तुला ठाऊक, मला आठवतं तसे ते म्हातारेच आहेत. मी विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"घावला व्हय दगड?" ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"मला न्हाय तर कुणाला? पडदा मीच धरलोतो."

मग पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मी उभीच होते.

माझ्या जन्माच्या वर्षी जत्रेची वाळू आणणारी ट्रॉली मागं घेताना उजव्या मकराला लागली आणि शेपटी तुटून पडली. पंचांनी आप्पांना बोलावलं. आप्पांचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता, हे गावाला माहीत नव्हतं, घराला होतं. काम नाही म्हणून सांगितलं असतं तर पुढचं एकही काम आलं नसतं. आणि देवाच्या पायरीला पोरीनं टाकी लावलेली पंचांना चालली नसती. म्हणून भोवतीनं ताडपत्रीचा पडदा केला, एक टोक गुरवमामांनी धरलं, ऊन लागतंय म्हणून सांगितलं. आत आप्पा बसले, आणि टाकी तू धरलीस. सतरा वर्षांची होतीस तू.

"आप्पा म्हणालं, पानं काढ त्या बाजूगत," गुरवमामा सांगत होते. "तुझी आक्का म्हणाली, मला पानं येत न्हाईत, मला जात्याची टाकीच येती. मग जरा इचार केलीन आन् म्हणाली, आप्पा, परवा खाणीकडं आपुण खवल्या बघितला न्हवं, त्यो काढू काय? आप्पा लई दिसांनी हसलं बघ. म्हणालं, काढ काढ, मकर काय न्हाय म्हणतोय!"

मी म्हटलं, "आणि गावातल्या म्हाताऱ्यांना? त्यांना तर माहीत असेल शेपटी नवी आहे."

"हुतं की. पर पेपरात आलं, बोर्ड लागला. आता ज्यानं ट्रॉली धडकवली, त्यो सुदीक पाव्हण्यांस्नी सांगतोय, नऊशे वर्सांचं काम हाय म्हणून. शिकलेल्या पोरीनं लिवलंय म्हणल्यावर आमी कोण?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

त्यांनी पंचा पिळून खांद्यावर टाकला. "म्या तिला लई येळा म्हणलं, बारकीला सांग. ती म्हणाली, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग म्हणाली, लगीन होऊ दे, सासरी नाव जायला नगो. लगीन झालं. मग बोर्ड लागला. मग मीच म्हणलं, आता ऱ्हाऊ दे बाई." आणि मग त्यांना हसू आलं, त्यांना आवरलं नाही. "बोर्डाला हळदकुंकू मीच लावलोतो."

मला नाही आलं हसू.

घरी येऊन मी तुझी पिशवी उघडली आणि टाक्या एकेक काढून ओळीनं ठेवल्या. मग पुन्हा देवळात गेले, आणि या वेळी डोळे मिटून खवल्यांवरून बोटं फिरवली. निपाणीत सांगितलं होतं ना, डोळे मिटून कळतो. कळला. अर्धगोल, ओळीनं, दोन सावकाश, दोन घाईत. वर तेलाचा थर आहे, एवढ्या पावसाळ्यांचं शेवाळ आहे, हजार हातांनी तो गुळगुळीत झालाय. पण खाली घाव तुझाच आहे. मी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस शोधत होते आणि ज्या ठोक्यावर मी वाढले तो माझ्या बोटाखाली होता. परक्या माणसाची ही चूक झाली नसती. त्यानं संशय घेतला असता, त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांसारखा. मी संशय घेतला नाही, कारण मला पाथरवटाच्या घरचा गर्व होता.

माझी चूक मी मान्य करते. पण तुझी?

तू मला फसवलंस, आक्का. गोड बोलून नाही, गप्प बसून. लोक म्हणतील तिनं मायेनं केलं. गुरवमामा तेच म्हणतात. अशा मायेचा मला राग येतो. चौथी शिकलेल्या बाईनं पदवीधर बहिणीची कीव केली, यातला अपमान मायेनं झाकत नाही. मी तुझ्यापुढं बसून, तुझ्याच कामाचं वर्णन तुला वाचून दाखवत होते. "या अज्ञात शिल्पकाराची निरीक्षणशक्ती विलक्षण असली पाहिजे." तू विचारलंस, "विलक्षण म्हंजे?" मी अर्थ सांगितला. तू भाकरी उलटलीस.

आणि दुसरं त्याहून जास्त लागतं. तू तुझी सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीस. सतरा वर्षांच्या मुलीनं ताडपत्रीच्या आत बसून देवळाच्या मकराला शेपूट बसवलं, हे मला माहीत असतं तर मी काय केलं असतं ठाऊक आहे? मी शाळेत शिकवते, वर्गातल्या मुलींना दर वर्षी तिथं नेते. त्यांना मी खवल्या दाखवला, तुला दाखवलं नाही. तू पाच पावलांवर, देवळामागच्या आपल्या अंगणात पाटा टाकीत बसलेली असायचीस. मुली तुझ्यासमोरून चालत जायच्या.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. मी म्हणायचे, ही जनावरं बघितलेल्या जनावरांतून आली. तू म्हणायचीस, "न्हाय गं. एकानं तोंड केलं आसंल, दुसऱ्यानं शेपूट. पयल्याचं काम मोडलं, न्हायतर त्यो मेला, मग ज्याला जे येतं ते त्यानं लावलं. म्हणून तसलं जनावर झालं." मी हसायचे. म्हणायचे, आक्का, याला पुरावा लागतो. तू म्हणायचीस, "पुरावा काय, न्हाणीत घावंल एकादा." आणि मी, पहिल्या वर्गात पास झालेली शहाणी, त्याला तुझा विनोद समजले.

तू सांगितलं होतंस म्हणशील. असं सांगणं मी धरत नाही. एवढ्या वर्षांत एकदा हात धरून न्यायचं होतंस, दगड उलटा करायचा होतास.

आता तुला आवडणार नाही ते सांगते. तेरावं झाल्यावर मी दोन माणसं लावून तो दगड देवळात नेला. म्हटलं जुनी शेपटी जागेवर बसते का बघू. तुझी काढून टाकायची आणि मूळची लावायची, राग एवढा होता. बसली नाही. तू तुटलेली कड सपाट करून घेतली होतीस, तुझी शेपटी नीट बसावी म्हणून. पाथरवटाचं काम पाथरवटासारखं केलं होतंस. आता जुनी बसत नाही आणि तुझी निघत नाही. एक माणूस म्हणाला, "बाई, दोन्ही मोडतील, ऱ्हाऊ द्या." राहू दिली. जुनी आता गाभाऱ्याबाहेर भिंतीला टेकवून ठेवलीय, पानं वर करून. गुरवमामा तिच्यावर रोज पाणी घालतात. मी घालू नका म्हटलेलं नाही.

पुस्तकाचं राहिलं. तालुक्यातल्या देवळांवरच्या पुस्तकात माझं प्रकरण जाणार, हे तुला ठाऊक होतं. तू आजारी असताना त्याची तपासणीची पानं आली होती, तू उशाशी ठेवून घेतली होतीस. बारीक अक्षर दिसत नव्हतं तरी चित्राचं पान काढून बघायचीस. खोकता खोकता म्हणालीस, "शेपूट चांगलं आलंय." मला वाटलं फोटोला म्हणतेस.

मी संपादकांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, एक तळटीप टाकू, 'शेपटीची काही प्रमाणात डागडुजी झालेली दिसते.' कुणाला कळतंय? तुमचं नाव राहील." मी दोन दिवस विचार केला, खोटं कशाला बोलू. माझ्या नावाची मला किंमत आहे. ते मी फुकट मिळवलेलं नाही, त्याची किंमत तूही गप्प बसून भरलीस. जगात कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण उद्या एखाद्या शाळेतली मुलगी ते वाचून शपथेवर सांगणार की नऊशे वर्षांपूर्वी असं झालं. आणि तिला कुणी म्हातारा माणूस शंका विचारणार, आणि ती त्याला सगळ्यांसमोर गप्प करणार, माझ्यासारखी.

प्रकरण मी पुन्हा लिहिलंय. गंमत बघ, फार बदलावं लागलं नाही. मकर जुना, त्याला खवल्याची शेपटी, करणाऱ्यानं तो आपल्या रानात डोळ्यांनी बघितलेला. सिद्धांत माझा जसाच्या तसा उभा आहे. आणि एकानं तोंड केलं, दुसऱ्यानं शेपूट, हा तुझाही. 'अज्ञात शिल्पकार' तेवढं खोडलं आणि तुझं नाव घातलं, आप्पांच्या नावासकट. जुनं शेपूट कसं तुटलं, ताडपत्री कुणी धरली, न्हाणीत काय सापडलं, सगळं लिहिलं. बोर्डावरचं माझं नाव पुसायला पंचायतीला अर्ज दिलाय, दोन्ही भाषांत. चिकोडीच्या प्राध्यापकांना पत्र पाठवलं. एका ओळीचं: सर, तुमची शंका बरोबर होती, मी तुमच्याशी उद्धट वागले. त्यांचं उत्तर अजून नाही आलं.

यामुळं तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. नाव लिहिलं ते तुझं काम होतं म्हणून लिहिलं. राग वेगळा आहे, तो माझ्याकडं आहे.

पुस्तक निघेल तेव्हा निपाणीतच कार्यक्रम ठेवायचं म्हणताहेत. मी जाणार, आणि तेच पान वाचणार. शेवटच्या बाकाकडं बघायचं नाही असं ठरवलंय, पण बघितलं जाईलच. मला एकच विचारायचं होतं, आक्का. दगडाचं नाही, पडद्याचंही नाही. त्या दिवशी सगळ्यांची थांबली तरी तुझी टाळी चालूच होती, ती कुणाला होती? माझ्या बोलण्याला, का तुझ्या शेपटीला?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "दोन्हीला गं." असंच काहीतरी बोलून दर वेळी सुटायचीस.